युक्तिवादाचा आकार आणि चिन्हांची कसोटी : प्रस्तावना

'तर्क' हा शब्द मराठीत दोन अगदी वेगळ्या कामांना जुंपला जातो. पुरेसा पुरावा हाती नसताना केलेल्या अंदाजालाही तर्क म्हणतात, आणि एका विधानावरून दुसरे विधान ज्या बंधनाने निघते त्या बंधनालाही तर्कच म्हणतात. 'हा आपला नुसता तर्क आहे' असे म्हणणारा आणि 'तर्काला धरून बोला' असे बजावणारा हे दोघेही एकच शब्द वापरतात, परंतु पहिल्याच्या तोंडी त्याचा अर्थ अनिश्चितता असा असतो आणि दुसऱ्याच्या तोंडी सक्ती असा. तर्कशास्त्राचा संबंध या दुसऱ्या अर्थाशी आहे, आणि प्रस्तुत ग्रंथाचा विषय त्याहूनही मर्यादित आहे : दिलेल्या विधानांवरून काढलेला निष्कर्ष खरोखरच त्यांच्यावरून निघतो की नाही, हे चिन्हांच्या साहाय्याने कसे तपासावे. जे वाक्य सत्य किंवा असत्य असू शकते त्याला 'विधान' म्हणतात. प्रश्न, आज्ञा आणि उद्गार यांना सत्यासत्यता लागू होत नसल्यामुळे ती वाक्ये असूनही विधाने ठरत नाहीत. ज्या विधानांच्या आधारावर काही सिद्ध करावयाचे असते ती 'आधारविधाने', जे सिद्ध करावयाचे तो 'निष्कर्ष', आणि दोहोंची मिळून होणारी रचना म्हणजे 'युक्तिवाद'. आधारविधाने सत्य आणि निष्कर्ष असत्य अशी स्थिती ज्या युक्तिवादाच्या आकारात संभवतच नाही तो युक्तिवाद 'वैध' होय. व्यवहारात 'वैध' म्हणजे कायद्याला धरून असलेले. येथे कायदा एवढाच, की सत्याकडून निघून असत्यापाशी पोहोचता कामा नये.

या व्याख्येत युक्तिवादातील विधाने प्रत्यक्षात सत्य आहेत की नाहीत याबद्दल एक अक्षरही नाही, आणि नवख्या वाचकाची पहिली अडचण येथेच होते. 'सर्व देवमासे मासे आहेत, सर्व मासे कल्ल्यांनी श्वास घेतात, म्हणून सर्व देवमासे कल्ल्यांनी श्वास घेतात' हा युक्तिवाद वैध आहे; त्यातील पहिले विधान असत्य आहे (मराठीने त्या सस्तन प्राण्याचे नाव ठेवतानाच ही चूक पदरात घेतली आहे) आणि निष्कर्षही असत्य आहे, परंतु निष्कर्ष आधारविधानांवरून निघतो यात शंका नाही. याच्या उलट, 'पुणे महाराष्ट्रात असेल तर पुणे भारतात आहे, पुणे भारतात आहे, म्हणून पुणे महाराष्ट्रात आहे' या युक्तिवादातील तिन्ही विधाने सत्य असूनही तो अवैध आहे. ते ओळखण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आकार तसाच ठेवून आशय बदलणे. पुण्याच्या जागी बेंगळूरु घातले की दोन्ही आधारविधाने सत्यच राहतात आणि निष्कर्ष मात्र असत्य होतो. (येथे बेळगाव घेण्याचा मोह टाळलेला बरा, कारण मग वाद आकाराचा न राहता आशयाचा होईल.) पुण्याविषयीच्या युक्तिवादातला निष्कर्ष सत्य निघाला तो आधारविधानांच्या बळावर नव्हे, भूगोलाच्या कृपेने निघाला, आणि भूगोल ज्याला आधीच ठाऊक आहे त्याला ही उणीव सहसा जाणवत नाही. परिचित निष्कर्ष परीक्षकाला झोपवतो. म्हणून आकाराची परीक्षा करायची असेल तर आशय काही काळ दृष्टीआड करण्याची युक्ती हवी, आणि ती युक्ती म्हणजेच चिन्ह. चिन्हांकडे लघुलिपीसारखे, लिहिण्याचे श्रम वाचविणारे साधन म्हणून पाहण्याची पद्धत पाठ्यपुस्तकांनी रूढ केली आहे. तिच्यात तथ्य थोडे आहे. चिन्हाचे खरे काम विसरायला लावणे हे आहे. 'पुणे महाराष्ट्रात आहे' या विधानाच्या जागी 'क' आणि 'पुणे भारतात आहे' याच्या जागी 'ख' लिहिले की 'क असेल तर ख, ख आहे, म्हणून क' एवढेच उरते, आणि या सांगाड्यावर कोणाचेही प्रेम नसल्यामुळे त्याचा दोष लगेच दिसतो.

आशय बाजूला ठेवण्याची ही कल्पना ग्रीकांमध्ये दोन वाटांनी आली. ॲरिस्टॉटलने इ. स. पू. चौथ्या शतकात 'सर्व', 'काही' आणि 'नाही' यांनी जोडलेल्या विधानांचे जे शास्त्र रचले त्यात पदांच्या जागी, म्हणजे 'मनुष्य', 'मर्त्य' अशा नामांच्या जागी, वर्णाक्षरे वापरली. त्यानंतरच्या शतकात स्टोइक पंथीयांनी, विशेषतः ख्रिसिपसने, पदांऐवजी संपूर्ण विधानांनाच एकक मानले, आणि त्यांच्या जागी क्रमवाचक संख्या ठेवल्या : पहिले असेल तर दुसरे, पहिले आहे, म्हणून दुसरे. आज ज्याला विधानीय तर्कशास्त्र म्हणतात त्याचे बीज या दुसऱ्या वाटेवर आहे. 'जर-तर' विधान नेमके केव्हा सत्य मानायचे यावर त्या काळी इतका कडाक्याचा वाद चालत असे की छपरावरचे कावळेदेखील त्यावर काव-काव करतात असा टोमणा कवी कॅलिमॅकसने मारला होता. त्या वादातील एक पक्ष मेगारा येथील फिलोचा होता. त्याच्या मते पूर्वांग, म्हणजे 'जर'नंतरचा भाग, सत्य आणि उत्तरांग, म्हणजे 'तर'नंतरचा भाग, असत्य असेल तेवढ्याच वेळी संपूर्ण विधान असत्य, एरवी ते सत्य. बावीसशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर सत्यता कोष्टकात, ज्याची ओळख पुढे होईल, नेमकी हीच व्याख्या बसविण्यात आली.

भारतीय परंपरेत अनुमानाचा विचार याहून कमी खोल नव्हता, परंतु त्याची दिशा निराळी होती, आणि या बाबतीत मराठी लेखनात अधूनमधून जो उत्साह दिसतो त्याला थोडी मुरड घालणे आवश्यक आहे. न्यायदर्शनातील पंचावयवी वाक्य, म्हणजे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशा पाच अंगांचे अनुमान, हे दुसऱ्याला पटवून देण्याचे साधन आहे, आणि त्याचा कणा व्याप्ती हा आहे : जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, असा अपवादरहित संबंध. या संबंधाची दिशा उलटली की काय होते याचे नैयायिकांचे विवेचन अत्यंत चोख आहे. डोंगरावर अग्नी आहे म्हणून तेथे धूरही असला पाहिजे, असे अनुमान केले तर ते टिकत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. अग्नीबरोबर धूर यायचा तर सरपण ओले असावे लागते, आणि ही न सांगितलेली अट, जिला 'उपाधी' म्हणतात, ती अनुमानाला बाधक ठरते. दिङ्नागाने पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास हेतूचे सपक्षाशी, म्हणजे सिद्ध करावयाची गोष्ट जेथे असते अशा उदाहरणांशी, आणि विपक्षाशी, म्हणजे ती जेथे नसते अशा उदाहरणांशी, असू शकणारे संबंध नऊ घरांच्या चक्रात मांडून त्यांतील कोणती घरे निर्दोष ते दाखविले. सर्व शक्यता मोजून त्यांतून निवड करण्याची ही रीत कोष्टकाच्या रीतीची सख्खी नातलग आहे. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेश उपाध्यायाने ज्या नव्यन्यायाचा पाया घातला त्याची 'अवच्छेदक', 'निरूपित', 'प्रतियोगी' अशा शब्दांनी बांधलेली भाषा संदिग्धतेला इतका कमी वाव देते की डॅनिएल इंगल्स या अमेरिकन संस्कृतज्ञाने १९५१ मध्ये तिचा अर्थ आधुनिक चिन्हांत मांडण्याचा प्रयत्न केला.

एवढे असूनही नव्यन्यायाला चिन्हात्मक तर्कशास्त्र म्हणणे योग्य नाही. चिन्हे वापरण्याची सवय या देशात नव्हती असे नाही. पाणिनीने 'अच्', 'हल्' अशा संज्ञांत वर्णांचे संपूर्ण गट बांधले, आणि बीजगणितकारांनी अज्ञात संख्यांना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे देऊन त्यांची 'या', 'का', 'नी' ही आद्याक्षरे समीकरणांत चालविली. व्याकरणात आणि गणितात चाललेली ही युक्ती अनुमानाच्या शास्त्रात मात्र शिरली नाही, आणि त्याचे कारण बहुधा असे की नैयायिकाला अनुमान हे प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, म्हणून हवे होते. ज्यातील हेतू असत्य आहे असे अनुमान त्याच्या दृष्टीने अनुमानच नव्हे, तो हेत्वाभास. देवमाशाविषयीचा वर दिलेला युक्तिवाद 'असत्य, परंतु वैध' आहे असे म्हणण्याची सोय त्याला नको होती, आणि आकार व सत्यता यांची फारकत ज्याला नको आहे त्याला आशय पुसून टाकणाऱ्या चिन्हाचीही गरज भासत नाही. हा न्यायदर्शनाचा कमीपणा नसून त्याच्या प्रश्नाचा वेगळेपणा आहे.

आशय पुसून उरलेल्या आकारावर गणितासारखी क्रिया करता येईल, हे स्वप्न सतराव्या शतकात लायब्निट्झने पाहिले. मतभेद झाला की दोन तत्त्वज्ञांनी हातात लेखणी घेऊन हिशेब मांडावा आणि निकाल लावावा, अशी त्याची कल्पना होती. ती बरीचशी टिपणांतच राहिली. प्रत्यक्ष हिशेब सुरू झाला तो १८४७ मध्ये, जेव्हा जॉर्ज बूल आणि ऑगस्टस डी मॉर्गन या दोघांचे तर्कशास्त्रावरचे ग्रंथ एकाच वर्षी प्रसिद्ध झाले. बूलची मूळ कल्पना अशी : 'क्ष' हे अक्षर एखाद्या गुणाने युक्त अशा वस्तूंची निवड दर्शवीत असेल, उदाहरणार्थ कळपातून पांढऱ्या गाई वेगळ्या काढणे, तर तीच निवड दुसऱ्यांदा केल्याने काहीही बदलत नाही, आणि म्हणून क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. साध्या अंकगणितात हे समीकरण फक्त शून्य आणि एक या दोनच संख्यांना लागू पडते, आणि या दोन संख्यांना 'असत्य' आणि 'सत्य' असे वाचले की विचारांचे बीजगणित हाती येते. १८५४ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात बूलने याच समीकरणाची मांडणी किंचित बदलून, एखादी वस्तू एकाच वेळी क्ष आणि क्ष-नसलेली असू शकत नाही हा व्याघाताचा नियम त्यातून काढून दाखविला.

डी मॉर्गनचा जन्म १८०६ मध्ये मदुराईचा; दिल्लीच्या मास्टर रामचंद्रांच्या गणितग्रंथाची आवृत्ती १८५९ मध्ये लंडनहून निघाली तिला त्याचीच प्रस्तावना आहे. बूलची पत्नी मेरी एव्हरेस्ट बूल हिने पुढे असे प्रतिपादन केले की बूल आणि डी मॉर्गन यांच्या विचारांवर भारतीय तत्त्वचिंतनाची छाप होती. हे विधान मोहक आहे आणि वारंवार उद्धृत केले जाते, परंतु बूलच्या ग्रंथांतील युक्तिवाद आधार घेतात ते त्या काळच्या इंग्लंडमधील बीजगणिताचाच; एकेका पायरीचा मागोवा घेतल्यास तेथे न्यायसूत्रांची गरज पडत नाही. डी मॉर्गनचे नाव ज्या दोन नियमांना चिकटले आहे ते मात्र रोजच्या भाषेत पावलोपावली लागतात : 'क आणि ख' याचा निषेध म्हणजे 'क नाही किंवा ख नाही', आणि 'क किंवा ख' याचा निषेध म्हणजे 'क नाही आणि ख नाही'.

यानंतरचा इतिहास प्रस्तुत ग्रंथात थोडक्यातच येतो. फ्रेगेने १८७९ मध्ये 'सर्व' आणि 'एक तरी' या शब्दांना स्वतंत्र चिन्हव्यवस्था दिली, पण त्याची द्विमितीय, फांद्याफांद्यांची लिपी वाचकांना झेपली नाही. रसेलने १९०० मध्ये पॅरिसच्या परिषदेत पेआनोची एका ओळीत लिहिता येणारी चिन्हे पाहिली, आणि व्हाइटहेडसह १९१० ते १९१३ या काळात प्रसिद्ध केलेल्या तीन खंडांत त्यांचा विस्तार केला. आज महाराष्ट्रातील अकरावी-बारावीचा कला शाखेचा विद्यार्थी तर्कशास्त्राच्या तासाला जी चिन्हे गिरवतो ती याच घराण्यातली : निषेधासाठी ~, 'आणि'साठी मधला ठिपका, 'किंवा'साठी ∨, 'जर-तर'साठी घोड्याच्या नालासारखे ⊃, आणि सममूल्यतेसाठी तीन आडव्या रेघा. यांतील ∨ हे चिन्ह लॅटिनमधील 'वेल' या शब्दाच्या आद्याक्षरावरून आले, आणि त्या शब्दाची निवड हेतुपुरस्सर होती, हे पुढे स्पष्ट होईल. शेजारच्या वर्गातील बारावीचा गणिताचा विद्यार्थी हाच विषय पहिल्याच प्रकरणात शिकतो, परंतु थोड्या वेगळ्या चिन्हांत आणि वेगळ्या परिभाषेत, आणि दोघे एकच गोष्ट शिकत आहेत हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

चिन्हांचा अर्थ सत्यता कोष्टकाने ठरतो. तर्कशास्त्रज्ञ पर्सच्या १८९३ च्या हस्तलिखितात त्याचे रूप आढळते, आणि १९२१ मध्ये एमिल पोस्ट आणि विट्गेन्श्टाइन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ते छापील रूपात आणले. घटक विधानांना सत्य-असत्य मूल्ये देण्याचे जेवढे प्रकार संभवतात तेवढ्या ओळी आखायच्या, प्रत्येक ओळीत आधारविधानांचे आणि निष्कर्षाचे मूल्य काढायचे, आणि मग एकच प्रश्न विचारायचा : सर्व आधारविधाने सत्य आणि निष्कर्ष असत्य अशी एखादी ओळ आहे काय? असेल तर युक्तिवाद अवैध, नसेल तर वैध. 'वीज गेली तर पंप बंद पडतो, पंप बंद पडला आहे, म्हणून वीज गेली आहे' हा युक्तिवाद घेतला, आणि 'वीज गेली आहे' यासाठी 'व' व 'पंप बंद पडला आहे' यासाठी 'प' लिहिले, तर आधारविधाने 'व ⊃ प' आणि 'प' अशी होतात व निष्कर्ष 'व' असा होतो. दोन घटक विधानांच्या चार ओळींपैकी 'व' असत्य आणि 'प' सत्य ही ओळ घातक आहे, कारण तिच्यात दोन्ही आधारविधाने सत्य आणि निष्कर्ष असत्य आहे. ही ओळ म्हणजे वीज असूनही फ्यूज उडाल्याने बंद पडलेला पंप. नैयायिकांच्या तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचेच हे आधुनिक भावंड आहे. दुसरे आधारविधान आणि निष्कर्ष बदलून 'पंप बंद पडलेला नाही, म्हणून वीज गेलेली नाही' असे म्हटले तर अशी ओळ सापडत नाही, आणि युक्तिवाद वैध ठरतो.

⊃ या चिन्हाची व्याख्या फिलोची आहे आणि तिच्याविषयीची अस्वस्थताही तेवढीच जुनी आहे. 'पाऊस आला तर सामना रद्द होईल' ही घोषणा खोटी केव्हा ठरते? पाऊस येऊनही सामना झाला तरच. पाऊस न येता अन्य कारणाने सामना रद्द झाला, किंवा पाऊसही आला नाही आणि सामनाही झाला, तर घोषणा करणाऱ्याला खोटे पाडता येत नाही. एवढ्यावर व्याख्या पटते. परंतु तिचा परिणाम असा की ज्याचे पूर्वांग असत्य आहे असे कोणतेही 'जर-तर' विधान, मग त्याच्या दोन भागांचा परस्परांशी काडीचा संबंध नसला तरी, सत्य मानावे लागते. आणि त्याच न्यायाने परस्परविरोधी आधारविधानांवरून काहीही सिद्ध होते, कारण सर्व आधारविधाने सत्य असलेली ओळच तेथे उरत नाही. ख्रिसिपसला हे मान्य नव्हते, आणि विसाव्या शतकातील काही तर्कशास्त्रज्ञांनीही पूर्वांग-उत्तरांगांत आशयाचा दुवा मागणाऱ्या पर्यायी पद्धती रचल्या. त्या सदोष आहेत असे नाही. मात्र युक्तिवादाने सत्याकडून असत्याकडे जाऊ नये एवढीच हमी ज्याला हवी आहे, त्याला फिलोची व्याख्या पुरते, आणि ती पडताळण्याइतकी सोपी दुसरी व्याख्या उपलब्ध नाही.

खरी कठीण जागा कोष्टकाच्या आधी येते. मराठी वाक्याचे चिन्हांत रूपांतर करताना ज्या चुका होतात त्यांच्या मानाने कोष्टकातील चुका किरकोळ असतात, आणि या ग्रंथातील सर्वांत लांब प्रकरण रूपांतरावर असण्याचे कारण तेच आहे. 'पाऊस पडला तर पेरणी होते' आणि 'पाऊस पडला तरच पेरणी होते' या दोन वाक्यांत एका 'च'चा फरक आहे, पण त्या 'च'ने बाण उलटा फिरतो : पहिल्यात पावसावरून पेरणी निघते, दुसऱ्यात पेरणीवरून पाऊस. 'तर' हा शब्द प्रत्येक ठिकाणी अट सांगतोच असेही नाही. 'थोरला उंच, तर धाकटा ठेंगणा' यात तो केवळ तुलना करतो आणि चिन्हांत तेथे 'आणि'चा ठिपकाच येतो. 'पण' आणि 'परंतु' यांचेही तसेच. 'तो आला, पण बोलला नाही' यातील अपेक्षाभंग चिन्हांत उतरत नाही, आणि उतरावा अशी अपेक्षाही नाही, कारण त्या वाक्याची सत्यता अपेक्षाभंगावर अवलंबून नसते.

'की' हा तर बहुरूपी आहे. 'चहा घेणार की कॉफी' येथे तो विकल्प मांडतो, 'बटण दाबले की दिवा लागतो' येथे अट, आणि 'तो म्हणाला की' येथे यांपैकी काहीच नाही, केवळ पुढच्या वाक्याला दार उघडून देतो. 'शिवाय' या शब्दाचा घोळ याहून व्यावहारिक आहे. 'ती हुशार आहे, शिवाय कष्टाळू' यात 'शिवाय' म्हणजे 'आणि'. 'ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही' या पाटीत मात्र तो आवश्यक अट सांगतो, आणि त्या पाटीचे रूपांतर 'प्रवेश असेल तर ओळखपत्र आहे' असे होते. ओळखपत्र दाखवूनही दारावर अडवला गेलेला माणूस पाटीकडे बोट दाखवून भांडतो तेव्हा तो हेच वाक्य उलट्या दिशेने वाचत असतो. 'किंवा'चे दोन अर्थ लॅटिनने दोन शब्दांत विभागले होते. अर्जासोबत शिधापत्रिका किंवा वीजबिल जोडावे असे सांगितले असता दोन्ही जोडणाऱ्याचा अर्ज कोणी फेटाळत नाही. हा समावेशक 'किंवा', लॅटिनमधील 'वेल', आणि ∨ हे चिन्ह त्याचेच आहे. जेवणासोबत ताक किंवा सोलकढी मिळेल असे म्हटले असता दोन्ही मागणाऱ्याला जादा पैसे मोजावे लागतात; हा व्यावर्तक 'किंवा', आणि त्यासाठी 'दोन्ही मात्र नाही' हा भाग चिन्हांत वेगळा लिहावा लागतो. 'नाहीतर' हा शब्द मराठीची स्वतःची देणगी म्हणावी लागेल : 'तिकीट काढा नाहीतर दंड भरा' यात 'नाही', 'तर' आणि 'किंवा' हे तिन्ही एकाच शब्दात वळलेले आहेत, आणि '~क ⊃ ख' व 'क ∨ ख' ही सूत्रे सममूल्य आहेत हे कोष्टकाने सिद्ध करण्यापूर्वीच भाषेने गृहीत धरलेले आहे.

कोष्टकाची मर्यादा त्याच्या लांबीत आहे. घटक विधान एकाने वाढले की ओळी दुप्पट होतात. तीन विधानांना ८, पाचांना ३२, दहांना १,०२४ आणि विसांना १०,४८,५७६. म्हणून हाताने काम करणाऱ्याने उलटीकडून निघावे हे बरे : निष्कर्ष असत्य आणि आधारविधाने सत्य असे मानून चालावे आणि ते निभते का ते पाहावे. 'धरण भरले तर दरवाजे उघडतात, दरवाजे उघडले तर काठच्या गावांना इशारा दिला जातो, इशारा दिलेला नाही, म्हणून धरण भरलेले नाही' यात निष्कर्ष असत्य मानला की धरण भरलेले ठरते, पहिल्या आधारविधानाने दरवाजे उघडलेले ठरतात, दुसऱ्याने इशारा दिलेला ठरतो, आणि तिसरे आधारविधान तर इशारा दिलेला नाही असे म्हणते. आठ ओळींचे काम तीन पावलांत आटोपते. न्यायदर्शनात 'तर्क' ही जी पारिभाषिक संज्ञा आहे तिचा अर्थ याच चालीच्या जवळचा आहे : अग्नी नाही असे मानले तर धूरही नसता, आणि धूर तर दिसतो आहे. नैयायिक अशा तर्काला स्वतंत्र प्रमाण मानीत नाहीत, प्रमाणाचा साहाय्यक मानतात. येथे मात्र तो एकटाच निकाल देतो.

विधानांना अखंड एकक मानणारी ही पद्धत वाक्याच्या आत शिरत नाही. घोडा हा प्राणी आहे, म्हणून घोड्याचे डोके हे प्राण्याचे डोके आहे, हे डी मॉर्गनच्या नावाने प्रसिद्ध असलेले अनुमान शेंबडे पोरही करील, परंतु ते ना ॲरिस्टॉटलच्या चौकटीत बसते ना सत्यता कोष्टकात. त्यासाठी 'अमुकाचे डोके' असा दोन वस्तूंमधला संबंध आणि 'सर्व' व 'एक तरी' यांची चिन्हे लागतात, म्हणजेच विधेयांचे तर्कशास्त्र लागते. मराठी वाचकाला त्याचा पहिला उपयोग एका परिचित वाक्यात होईल. 'सगळी मुले आली नाहीत' याचा अर्थ एकही मूल आले नाही असा, की काही आली आणि काही राहिली असा? बोलताना आवाजाच्या चढउताराने निभावते, छापील कागदावर निभावत नाही. चिन्हांत दोन्ही अर्थ वेगळे दिसतात, कारण निषेधाचे चिन्ह 'सर्व'च्या आत आहे की बाहेर हे लिहिल्याखेरीज पुढे सरकताच येत नाही. 'दोन्ही अर्ज मंजूर झाले नाहीत' या वाक्याचीही हीच गत आहे, आणि एखाद्या ठरावात असे वाक्य शिरले की त्याचा अर्थ लावण्यासाठी पुन्हा सभा घ्यावी लागते.

विधेयांपर्यंत आल्यावर मात्र कोष्टकाचे सुख संपते. विधेये फक्त एकेका वस्तूचे गुण सांगणारी असतील तर निर्णय देणारी यांत्रिक रीत अजूनही असते. संबंध दर्शविणारी विधेये आली की तशी सार्वत्रिक रीत असूच शकत नाही, हे १९३६ मध्ये अलोन्झो चर्च आणि ॲलन ट्यूरिंग यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले. वैध युक्तिवादाची सिद्धता शोधत गेल्यास ती केव्हा ना केव्हा सापडते, हे गोडेलने त्याआधीच दाखविले होते. पण अवैध युक्तिवादाच्या बाबतीत शोध अखंड चालू राहू शकतो, आणि थांबावे केव्हा हे सांगणारा नियम नाही. लायब्निट्झच्या हिशेबाची हद्द अशी त्याच हिशेबाने आखली गेली. हद्दीच्या आत, केवळ विधानांच्या प्रदेशातही, सर्व काही सुकर नाही. एखाद्या सूत्राला सत्य करणारी ओळ आहे की नाही हे कोष्टक न आखता नेहमीच झटपट सांगता येईल काय, हा स्टीव्हन कुकने १९७१ मध्ये केंद्रस्थानी आणलेला प्रश्न आजही अनुत्तरित आहे, आणि २००० पासून त्याच्या उत्तरावर दहा लाख डॉलरचे पारितोषिक लागलेले आहे. दरम्यान यंत्रे थांबलेली नाहीत. क्लॉड शॅननने १९३७ च्या आपल्या प्रबंधात स्विचांच्या एकसर व समांतर जोडण्यांची 'आणि' व 'किंवा' यांच्याशी सांगड घालून विद्युत्मंडलांवर बूलचे बीजगणित चालविले, आणि अशाच मंडलांतून उभ्या राहिलेल्या संगणकांनी २०१६ मध्ये पायथागोरसच्या त्रिकुटांविषयीचा एक प्रश्न विधानीय सूत्रांत बसवून सोडविला : १ ते ७,८२४ या संख्या दोन रंगांत अशा रंगविता येतात की एकही त्रिकूट एकाच रंगाचे होत नाही, ७,८२५ पर्यंत गेल्यास ते अशक्य होते. त्या सिद्धतेने सुमारे २०० टेराबाइट जागा व्यापली. ती कोणी वाचलेली नाही. दुसऱ्या यंत्राकरवी तपासली गेली, एवढेच.

प्रस्तुत ग्रंथात अक्षरचिन्हे देवनागरी ठेवली आहेत. बीजगणितात 'क्ष' आणि 'य' यांवर पिढ्या वाढल्या असता तर्कशास्त्रानेच रोमन अक्षरांचा आग्रह धरावा याला परीक्षेच्या सोयीपलीकडे कारण दिसत नाही. ~, ∨, ⊃ ही चिन्हे मात्र जगभर ओळखीची असल्यामुळे बदललेली नाहीत. स्वाध्यायांतील वाक्ये मुद्दाम घडविलेली थोडी आणि पाट्या, करारनामे, नियमावल्या व जाहिराती यांच्या धर्तीवरची अधिक आहेत. ग्रंथाच्या शेवटी दिलेल्या उत्तरांत काही क्रमांकांपुढे दोन सूत्रे आढळतील. मूळ वाक्य खरोखरच दोन प्रकारे वाचता येते अशा ठिकाणी ती दिली आहेत, त्यांपैकी एका वाचनाने युक्तिवाद वैध ठरतो आणि दुसऱ्याने अवैध, आणि कोष्टक आखण्यापूर्वी त्यांतील कोणते वाचन घेतले हे वाचकाने वहीत मराठीत लिहून ठेवावे अशी अपेक्षा आहे.